नमुना काढला, अहवाल बाकी



आज पिकाबद्दल लिहीत नाही. हरभरा निघाला, तूर निघाली, भाव काय मिळाला ते मागेच लिहून झालं. सध्या रान मोकळं आहे, माती परीक्षणाचे दिवस आहेत, म्हणून मातीच्या नमुन्याबद्दल लिहितो. फक्त हा नमुना आपल्या शिवारातला नाही, मंगळावरचा आहे. हसू नका, वाचा.

मंगळावर आज घडीला अमेरिकेची एक गाडी फिरते आहे. पर्सिव्हिअरन्स तिचं नाव, म्हणजे चिकाटी. सहा चाकं, वजन एक टनाच्या वर, म्हणजे आपल्या मिनी ट्रॅक्टरएवढी धरा. 30 जुलै 2020 ला निघाली, 18 फेब्रुवारी 2021 ला उतरली. आपण तेव्हा कोरोनात घरात बसलो होतो. या गाडीचं मुख्य काम फोटो काढणं नाही. तिचं काम नमुने काढायचं आहे. दगडात ड्रिल घालायचं, खडूएवढा तुकडा काढायचा, नळीत भरायचा, बूच लावायचं आणि जपून ठेवायचं. अशा तीसेक नळ्या भरून झाल्या. त्यातल्या 10 तिने जमिनीवर मांडून ठेवल्या, बाकीच्या पोटात घेऊन फिरते आहे.

आणि त्या आणायला आता कोणी जात नाही. पैसाच मंजूर नाही. हे कळल्यापासून माझ्या डोक्यातून ते जात नाही.

माझा पुतण्या पुण्याला शिकतो. इंग्रजीतलं तो वाचून सांगतो, मराठीतलं मी पेपरात वाचतो. मी दहावी पास माणूस, त्यात गणितात काठावर. पण नमुना काय असतो हे मला चांगलं कळतं, कारण तीस वर्षं माती देत आलो आहे.

आपण नमुना कसा घेतो ते आठवा. शेतात नागमोडी चालायचं. आठ-दहा ठिकाणी व्ही आकाराचा खड्डा, वीतभर खोल. कडेची माती वरपासून खालपर्यंत सारखी तासून घ्यायची. बांधाजवळची नको, झाडाखालची नको, उकिरड्याजवळची नको, खत टाकल्या टाकल्या तर नकोच नको. सगळी माती घमेल्यात कालवायची, चार भाग करायचे, समोरासमोरचे दोन फेकायचे, अर्धा किलो उरेपर्यंत हेच. मग कापडी पिशवी आणि आत चिठ्ठी. नाव, गट नंबर, मागचं पीक, पुढचं पीक.

मंगळावर याच्या उलटं आहे. तिथं कालवायचं नाही. आपल्याला अख्ख्या शेताची सरासरी पाहिजे असते, त्यांना प्रत्येक दगडाची वेगळी कहाणी पाहिजे. म्हणून एका दगडातून एक कांडी काढायची. साधारण 13 मिलिमीटर जाड, 6 सेंटिमीटर लांब. ड्रिल फिरतंही आणि ठोकतंही, आपल्या बोअरच्या मशीनसारखं. तुकडा आत आला की नळी किंचित तिरकी होते आणि दगड बुडातून मोडून घेते. नळ्या टायटॅनियमच्या. कांडी दगडात कोणत्या दिशेला होती, वरची बाजू कोणती, आजूबाजूचे थर कसे, याची सगळी नोंद. आपली चिठ्ठी म्हणजे याचंच धाकटं भावंड.

त्यात एक गोष्ट मला फार आवडली. गाडीत एकूण 43 नळ्या आहेत. त्यातल्या 5 दगडासाठी नाहीतच. त्यांना साक्षीदार नळ्या म्हणतात. दगडात न घालता त्या नुसत्या उघडायच्या, बाकी सगळी क्रिया तशीच करायची आणि बंद करायच्या. कशाला? तर उद्या नमुन्यात काही जिवंतपणाची खूण सापडली आणि कोणी म्हणालं की ही घाण तुमच्याच यंत्राची, पृथ्वीवरून गेलेली, तर ही रिकामी नळी पुढे करायची. तिच्यात ती घाण असेल तर यंत्राची, नसेल तर मंगळाची. कोर्टात साक्षीदार उभा करतात तसंच. आपण कधी अशी रिकामी पिशवी प्रयोगशाळेत दिली आहे का? एकदा द्यायला पाहिजे. का ते पुढे सांगतो.

पहिल्या नमुन्याच्या वेळी गंमत झाली. ऑगस्ट 2021. ड्रिल बरोबर चाललं, नळी बरोबर बंद झाली, यंत्राने सगळं ठीक म्हणून कळवलं. नळीत बघितलं तर काहीच नाही. दगडाला भोक पडलेलं, पण दगड इतका ठिसूळ निघाला की त्याची भुकटी झाली. बोअरवाल्यांना विचारा, मांजऱ्या लागला की असंच होतं. मग त्यांनी जागा बदलली, कडक दगड शोधला, आणि सप्टेंबरच्या सुरुवातीला पहिली कांडी हातात आली. रिकामी नळीही त्यांनी टाकून दिली नाही. तिच्यात मंगळाची हवा बंद झाली होती, तिला हवेचा नमुना म्हणून जमा केलं.

आता मंगळावर एवढं काय आहे? दगड तोच आहे, आपलाच. मी बुलढाणा जिल्ह्यातला, लोणार आम्हाला लांब नाही. आपली सगळी काळी माती म्हणजे झिजलेला काळा पाषाण, बसाल्ट. साडेसहा कोटी वर्षांपूर्वी लाव्हा पसरला, त्याचा हा पाषाण. मंगळाचं कवचही बहुतेक बसाल्टच. वरून लाल दिसतो तो गंजामुळे, गेरूसारखी लोखंडाची धूळ आहे ती. लोणारचं सरोवर म्हणजे बसाल्टमध्ये उल्का पडून झालेला खड्डा, तोंड सुमारे 1.8 किलोमीटर. पृथ्वीवर बसाल्टमधले असे खड्डे फारच थोडे, म्हणून मंगळाचा अभ्यास करणारे लोक लोणारला येऊन दगड नेतात. आपण तिथे कमळजादेवीचं दर्शन घेऊन आणि 2020 ला पाणी गुलाबी झालं तेव्हा फोटो काढून परत आलो.

गाडी उतरली त्या खड्ड्याचं नाव जेझेरो. तो 45 किलोमीटर रुंद. पंचवीस लोणार एका ओळीत बसतील. तिथे साडेतीनशे कोटी वर्षांपूर्वी नदी येऊन मिळत होती, तळं भरत होतं. नदीने आणलेला गाळ पंख्यासारखा पसरलेला वरून दिसतो. जिथं नदी संथ होते तिथं बारीक गाळ बसतो, आणि गाळात जे असेल ते पुरलं जातं. धरणाचा गाळ शेतात टाकणाऱ्याला हे वेगळं सांगायला नको. म्हणून जागा ती निवडली.

आपला पाषाण आणि त्यांचा पाषाण एक, मग आपल्याकडे काळी माती झाली आणि तिकडे नुसती धूळ का? इथं पाणी राहिलं. पावसाळे झाले, मुळं गेली, किडे-जिवाणू लागले. तिकडचं पाणी गेलं, हवाही बरीच गेली. आज तिथली हवा आपल्या हवेच्या शंभराव्या भागाहूनही विरळ. आणि त्या धुळीत परक्लोरेट नावाचा क्षार आहे, 2008 ला फिनिक्स यानाने तो शोधला. त्यामुळे मंगळावर बटाटे लावायच्या गोष्टी पिक्चरमध्ये ठीक आहेत. चोपण जमिनीत ज्याने बी टाकून बघितलं आहे तो असल्या गोष्टीवर लगेच विश्वास ठेवणार नाही.

आता तुम्ही म्हणाल, गाडी तिथेच आहे तर तिथेच तपासून टाका, आणायचं काय काम?

हा प्रयोग झालेला आहे. 1976 साली. व्हायकिंग नावाची दोन यानं मंगळावर उतरली होती. त्यांनी माती उचलून डब्यात घेतली, तिच्यावर पातळ खाद्य टाकलं आणि वाट बघितली. मातीत जिवाणू असतील तर खाद्य खातील आणि वायू सोडतील. आणि वायू निघाला! पण शेजारच्या दुसऱ्या यंत्राने सांगितलं की या मातीत सेंद्रिय काही सापडत नाही. आता सेंद्रिय नाही तर जिवाणू कुठून? बहुतेकांनी ठरवलं की ही मातीतल्या रसायनाची करामत. ज्याने प्रयोग केला तो शेवटपर्यंत म्हणत राहिला की जीवच होता. पन्नास वर्षं होत आली, वाद मिटला नाही. कारण दुसऱ्यांदा वेगळ्या पद्धतीने तपासायला ती माती कोणाच्या हातात नाही. यंत्र नेलं ते नेलं. त्याला जेवढं येतं तेवढंच ते करणार.

माती हातात असली की काय होतं त्याचंही उदाहरण आहे. अपोलोवाल्यांनी 1969 ते 1972 मध्ये चंद्रावरून 382 किलो दगड-माती आणली. सगळी तेव्हाच फोडली नाही. 1972 साली आणलेली एक नळी त्यांनी बंदच ठेवली आणि 2022 ला उघडली. पुढे आपल्यापेक्षा चांगली यंत्रं येतील, आपल्यापेक्षा हुशार पोरं येतील, त्यांच्यासाठी ठेवू, असा विचार करून. घरात धान्य कमी असतानाही बियाण्याची कणगी न फोडणारी आपली आजी आठवली मला.

तसे मंगळाचे दगड पृथ्वीवर आहेत. मंगळावर मोठी उल्का आदळली की तिथले तुकडे उडतात, लाखो वर्षं भटकतात आणि एखादा आपल्याकडे येऊन पडतो. 25 ऑगस्ट 1865 ला बिहारमध्ये गयेजवळ शेरघाटीला असा एक पडला. त्यावरून त्या जातीच्या दगडांचं नावच शेरगोटाइट पडलं, जगभर तेच चालतं. दुसरा 3 ऑक्टोबर 1962 ला नायजेरियात झगामी इथं पडला. तिथला एक शेतकरी मक्यावरचे कावळे हाकत होता. मोठा आवाज झाला आणि त्याच्यापासून दहा-एक फुटांवर 18 किलोचा दगड जमिनीत दोन फूट घुसला. कावळे हाकायला गेलेल्या माणसाच्या वावरात मंगळ येऊन पडला! त्याचं पुढे काय झालं ते कोणी लिहून ठेवलेलं नाही. आपल्या लोकांचं कोण लिहितं म्हणा.

पण या दगडांची अडचण अशी की त्यांना सात-बारा नाही. मंगळाचा आहे हे आतल्या हवेवरून कळतं, पण कोणत्या गावचा, कोणत्या थरातला, शेजारी काय होतं, काही पत्ता नाही. शिवाय इथं पडल्यावर इथलं पाणी लागतं, इथले जिवाणू शिरतात. 1996 ला अशाच एका दगडात जिवाणूचे अवशेष दिसल्याचा गाजावाजा झाला, खुद्द अमेरिकेचे अध्यक्ष क्लिंटन बोलले, आणि मग तेच भांडण, हे मंगळाचं की पृथ्वीवरचं की नुसताच खनिजाचा आकार. म्हणून चिठ्ठीसकट, बूच लावलेला, साक्षीदारासकट नमुना पाहिजे.

आता मुद्द्याची नळी सांगतो. जुलै 2024 मध्ये गाडीला एक लालसर दगड दिसला. मीटरभर लांब, गाळाचा दगड. त्याच्यावर बारीक ठिपके, मध्ये फिकट आणि कडेला काळी गोल रेघ, बिबट्याच्या अंगावर असतात तसे. दगडाचं नाव ठेवलं चेयावा फॉल्स. त्याची कांडी काढून नळीत बंद केली. सप्टेंबर 2025 मध्ये शास्त्रज्ञांनी त्याच्यावर लेख छापला. त्या ठिपक्यांत लोखंड आणि स्फुरद मिळून झालेलं एक खनिज दिसतं आणि लोखंड आणि गंधक मिळून झालेलं दुसरं. शेजारी सेंद्रिय कार्बन. असली खनिजं पृथ्वीवर पाणथळ चिखलात होतात, जिथं कुजणारं काही असतं आणि हवा मिळत नाही. बऱ्याचदा जिवाणूच ते काम करतात.

विहीर खोदताना किंवा पाणथळ जागी चर मारताना खालची माती बघितली आहे का तुम्ही? राखाडी, निळसर, मध्ये तांबडे-पिवळे डाग, आणि कधी कधी सडक्या अंड्याचा वास. हवा मिळाली नाही की मातीतले जिवाणू लोखंडावर आणि गंधकावर भागवतात, त्याचे डाग असतात ते. माझ्या खालच्या वावरात आहेत. मंगळावरचे ठिपके तसेच आहेत असं मी म्हणत नाही, शास्त्रज्ञही म्हणत नाहीत. ते म्हणतात, जीवाची खूण असू शकते, पण जीव नसतानाही असं काही होऊ शकतं, आणि यातलं खरं कोणतं हे गाडीवरच्या यंत्राने ठरत नाही. इथल्या मोठ्या प्रयोगशाळेत कांडी आली पाहिजे. म्हणजे माणसाने आजवर विचारलेल्या सगळ्यात मोठ्या प्रश्नाचं उत्तर कदाचित एका सहा सेंटिमीटरच्या कांडीत आहे. कांडी काढलेली आहे, बूच लावलेलं आहे, नंबर टाकलेला आहे.

आणायची योजना ठरली होती. अमेरिकेने एक यान उतरवायचं, त्याच्यात माणसाच्या दीडपट उंचीचं छोटं रॉकेट. गाडीने नळ्या नेऊन द्यायच्या, यांत्रिक हाताने त्या रॉकेटच्या डोक्यात भरायच्या. मग मंगळावरून रॉकेट उडवायचं. दुसऱ्या ग्रहावरून आजवर कोणी रॉकेट उडवलेलं नाही. वर युरोपचं यान फिरत असणार, त्याने बास्केटबॉलएवढा तो डबा आकाशात झेलायचा, पृथ्वीपर्यंत आणायचा आणि अमेरिकेच्या युटा राज्यातल्या वाळवंटात टाकायचा, तोही पॅराशूटशिवाय. गाडी मध्येच बंद पडली तर? म्हणून डिसेंबर 2022 ते जानेवारी 2023 मध्ये गाडीने 10 नळ्या सपाट जागेवर मांडून ठेवल्या, नागमोडी, एकमेकींपासून 5 ते 15 मीटरवर. जोड म्हणून. त्या उचलायला छोटी हेलिकॉप्टरं जाणार होती. हेलिकॉप्टर मंगळावर उडतं हे गाडीबरोबर गेलेल्या इन्जेन्युइटीने दाखवलंच होतं. पावणेदोन किलोचं ते यंत्र 5 वेळा उडवायचं ठरलं होतं, ते 72 वेळा उडालं. जानेवारी 2024 मध्ये पंख्याची पाती मोडली तेव्हा थांबलं. आपल्याकडचा फवारणीचा ड्रोन दुसऱ्या हंगामात बॅटरी मागतो.

मग हिशेब झाला. सप्टेंबर 2023 मध्ये बाहेरच्या तज्ज्ञांच्या समितीने सांगितलं की खर्च 8 ते 11 अब्ज डॉलर जाईल आणि ठरलेल्या वेळेला निघणं जवळपास अशक्य. एप्रिल 2024 मध्ये नासाचे प्रमुख बिल नेल्सन यांनीच सांगून टाकलं की 11 अब्ज परवडत नाही आणि 2040 पर्यंत थांबणं बरोबर नाही, स्वस्तातला मार्ग सुचवा. त्याआधीच, फेब्रुवारीत, हे काम करणाऱ्या जेपीएल संस्थेतल्या पाचशेच्या वर लोकांना घरी पाठवलं होतं. रॉकेट लॅब नावाच्या कंपनीने 4 अब्जांच्या आत आणून देतो म्हणून सांगितलं. चर्चा चालू राहिली. 2025 मध्ये तिथल्या सरकारने योजना बंद करायचा प्रस्ताव ठेवला आणि यंदाच्या जानेवारीत अमेरिकी संसदेने जो खर्च मंजूर केला, त्यात ही योजना आहे त्या रूपात धरलेली नाही.

11 अब्ज डॉलर म्हणजे नव्वद हजार कोटींच्या वर रुपये. आपलं मंगळयान साडेचारशे कोटींत गेलं, हे लगेच कोणीतरी सांगेल. 5 नोव्हेंबर 2013 ला निघालं, 24 सप्टेंबर 2014 ला पहिल्या झटक्यात मंगळाच्या कक्षेत. छाती फुगते, खरंच. पण ही तुलना बरोबर नाही. वावराला चक्कर मारून येणं वेगळं आणि वावरात उतरून, खोदून, ओझं डोक्यावर घेऊन घरी येणं वेगळं. जड जमिनीत बैलगाडी नेणाऱ्याला रिकामी आणि भरलेली यातला फरक माहीत असतो.

आमच्या इथं एकाने विचारलं, "भाऊ, थे माती आनून काय पेरनार हाये का तिच्यात? तेवढ्या पैशात किती लोकायले पानी भेटलं असतं." हा प्रश्न मी झटकून टाकत नाही. माझ्या सोयाबीनचा पैसा कसा येतो ते मलाच माहीत. पण मला त्यातलं एक पटत नाही. तो पैसा वाचला तर आपल्या पाण्यावर येतो असं कधी झालं आहे का? तो दुसरीकडे जातो. आणि खर्चाचा मोठा भाग होऊन गेलेला आहे. गाडी गेली, पोचली, पाच वर्षं राबली. नांगरणी झाली, पेरणी झाली, खत गेलं, निंदणी झाली. आता काढणीची मजुरी जड आहे म्हणून पीक उभं सोडून द्यायचं. असं आपण करतो कधी कधी, नाही असं नाही. कांदा मातीमोल झाला की ट्रॅक्टर फिरवतो. पण कांदा पुढच्या वर्षी परत येतो.

आणि आता माझं दुखणं सांगतो, ज्याच्यामुळे हे सगळं लिहायला बसलो. मागे आमच्या गटातल्या अकरा जणांनी एका ठिकाणी माती दिली. ठिकाणाचं नाव लिहीत नाही. अकरा वावरं. कोणाची भारी काळी, कोणाची मुरमाड, एकाची नाल्याकाठची चोपण. सगळ्यांनी नियमाने नमुने काढले, मी स्वतः उभा राहून चिठ्ठ्या लिहिल्या. सहा महिन्यांनी अहवाल आले. अकराही सारखे! सामू तोच, सेंद्रिय कर्ब तोच, पालाश तोच, शेवटच्या आकड्यापर्यंत. पिशव्या कोणी उघडल्याच नव्हत्या. मी विचारायला गेलो तर खुर्चीवरचा माणूस म्हणाला, "काका, खताची शिफारस तर दिली ना?" बाहेर आलो तर पडवीत पिशव्यांचा ढीग होता, उंदरांनी कुरतडलेला. आमच्या त्यात होत्या की नाही ते बघायची इच्छा झाली नाही. म्हणून वर म्हटलं, एकदा यांना रिकामी साक्षीदार पिशवी द्यायला पाहिजे. तिचाही सेंद्रिय कर्ब 0.4 निघेल.

माझं सध्या असं आहे. दोन एकर संत्रा लावायचा विचार आहे. फळबागेला वीतभर मातीवर भागत नाही. तीन फूट खोल खड्डा घेऊन फुटा-फुटाची माती वेगळी द्यावी लागते, कारण चुनखडी खाली लपलेली असते. वरच्या फुटात झाड मजेत वाढतं, पाच-सहा वर्षांनी मुळं चुन्याच्या थराला लागली की पानं पिवळी पडतात. शेजारच्या भावाची बाग अशीच गेली, ऐन फळावर आलेली झाडं करवतीने कापताना बघितली मी. मुक्त चुना दहा टक्क्यांच्या वर असेल तर संत्र्याच्या नादी लागू नये म्हणतात. तीन पिशव्या यावेळी दुसरीकडे दिल्या आहेत, लांब आहे, पण तिथं यंत्र चालताना डोळ्यांनी बघून आलो. रोपवाटिकेत रोपं सांगून ठेवली, आगाऊ पैसे दिले नाहीत. अहवाल येईपर्यंत खड्डे तसेच उघडे आहेत, ढोरं पडू नयेत म्हणून काट्या लावल्या आहेत.

मंगळाचं गणित आपल्या पेरणीसारखंच आहे, ते सांगायचं राहिलं. पृथ्वी आणि मंगळ दर 26 महिन्यांनी सोयीच्या जागी येतात, तेव्हाच यान निघू शकतं. वाफसा गेला की गेला. युरोपची रोझलिंड फ्रँकलिन नावाची गाडी आहे, दोन मीटर खोल ड्रिल मारणारी. तिची 2020 ची पेरणी पॅराशूटच्या अडचणीत हुकली, 2022 ची रशिया-युक्रेन युद्धात हुकली, आता 2028 म्हणतात. आणि निघाल्यावरही इथून कळ दाबून लगेच काही होत नाही. निरोप पोचायला अंतराप्रमाणे 3 ते 22 मिनिटं. म्हणून दिवसाचं काम आदल्या दिवशी लिहून पाठवतात. मंगळाचा दिवस आपल्यापेक्षा चाळीसेक मिनिटांनी मोठा, म्हणून गाडी उतरली तेव्हा इथले लोक काही आठवडे मंगळाच्या घड्याळाने कामाला येत होते, रोज चाळीस मिनिटं उशिरा. एक आठवडा दिवसा, एक आठवडा रात्री थ्री-फेज लाइट मिळणाऱ्यांनी याचं नवल करू नये.

दरम्यान चीन गप्प बसलेला नाही. त्यांनी चंद्रावरून दोनदा माती आणली. 2020 ला 1,731 ग्रॅम, आणि 2024 ला चंद्राच्या पलीकडच्या बाजूची, जी आपल्याला कधी दिसत नाही, ती 1,935 ग्रॅम. मंगळासाठी त्यांचं तिआनवेन-3 आहे. 2028 च्या सुमाराला निघायचं, 2031 च्या सुमाराला कमीत कमी अर्धा किलो माती घेऊन यायचं. दोन मीटरपर्यंत ड्रिल. जपानने मंगळाच्या फोबोस चंद्राची माती आणायचं ठरवलं आहे. चीनची पद्धत वेगळी, एका जागी उतरायचं, तिथलं उचलायचं आणि निघायचं. अमेरिकेच्या गाडीसारखं वर्षानुवर्षं फिरून निवडून घेतलेलं ते नसेल. पण माझं मत विचाराल तर, घरी आलेला अर्धा किलो हा तिथं ठेवलेल्या तीस नळ्यांपेक्षा मोठा. पुतण्या म्हणतो, "काका, तसं नाही, निवडलेल्या नमुन्याची सर त्याला येणार नाही." दोघंही आपापल्या जागी बरोबर असू.

गाडीच्या पोटातल्या नळ्यांची मला कमी काळजी आहे, बिबट्याच्या ठिपक्यांची नळी त्यातच आहे. जमिनीवर मांडलेल्या 10 नळ्यांचं मी पुतण्याला विचारलं, की वादळात उडून गेल्या तर? मंगळावर तर अख्ख्या ग्रहभर धुळीची वादळं होतात. तो म्हणाला, हवा इतकी विरळ आहे की वादळालाही रेटा नाही. धूळ बसेल, पातळ थर चढेल, पण नळ्या हलणार नाहीत. आणि धुळीखाली गेल्या तरी सापडाव्यात म्हणून प्रत्येक नळीची जागा मोजून नकाशावर टाकलेली आहे.